आधी मळा, मग पेला: परदेशात वाइन चाखताना आणि फोटो काढताना

वाइनच्या प्रदेशात जायचं ठरवलं असेल तर नकाशावर एकच खोरं निवडा आणि तिथे निदान दोन रात्री मुक्काम करा. दहा दिवसांत सात शहरं उरकणाऱ्या सहलीत द्राक्षमळा बसच्या काचेतून दिसतो आणि वाइन हॉटेलच्या जेवणात येते. त्यातून धड फोटोही मिळत नाही आणि चवही लक्षात राहत नाही.

मी नागपुरात लग्नांचे फोटो काढते. माहेर काटोलकडचं, घरी संत्र्याची बाग. त्यामुळे वाइनच्या गावी पोचले की माझी नजर आधी बुंध्याकडे जाते. कलम कुठे बांधलंय, माती कोणती, पाणी कुठून येतं, कामाला माणसं कुठली, हे मला विचारल्याशिवाय राहवत नाही. माझं ठाम मत असं आहे की हे सगळं आधी विचारून, त्याचे फोटो काढून मग पेला हातात घेतला तर वाइन जास्त कळते. पुढे जे सांगते आहे ते सगळं याच क्रमावर उभं आहे: आधी मळा, मग तळघर, शेवटी पेला.

कधी जायचं

आपल्या मोठ्या सुट्ट्या दोनच, उन्हाळ्याची आणि दिवाळीची. युरोपातला द्राक्षाचा हंगाम त्यांच्याशी नीट जुळत नाही, म्हणून काय दिसणार ते आधीच माहीत असावं. तिकडे वेल हिवाळाभर झोपलेली असते. वसंतात ती फुटते, जूनच्या सुमारास फुलते आणि कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. मे महिन्यात गेलात तर कोवळी पालवी, स्वच्छ रांगा आणि लांबलचक संध्याकाळ मिळेल, घड मात्र मिळणार नाहीत. दिवाळीत गेलात तर घड उतरलेले असतात, पण पानं पिवळी-तांबडी झालेली असतात आणि तळघरात नवी वाइन आंबत असते. फोटोसाठी मी दिवाळीच निवडीन. ऊन दिवसभर तिरकं असतं आणि कापणीची धांदल सरल्यामुळे माणसं बोलायला मोकळी असतात.

कापणीच बघायची हौस असेल तर शाळेची सुट्टी बाजूला ठेवून सप्टेंबरच्या शेवटी निघा. नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश किंवा फ्रान्शहूकला जा. तिकडे ऋतू उलटे असतात.

घरून करायची तयारी

निघण्याआधी महिनाभर नाकाला काम द्या. संत्र्याची साल नखानं दाबली की उडणारा तेलकट वास, कच्च्या आणि पिकल्या जांभळाचा वास, आवळा, कैरी, लवंग, काळी मिरी, मध, वाळलेलं मोहफूल, पाणी शिंपडलेली माती, जे हाताशी येईल ते डोळे मिटून हुंगा आणि नाव घ्या. वाइनच्या पुस्तकांतल्या याद्यांत ब्लॅककरंट आणि क्विन्ससारखी फळं असतात. आपल्यातल्या बहुतेकांनी ती खाल्लेली नसतात, त्यामुळे ती नावं लिहून घेतली तरी नंतर वाचताना काहीच आठवत नाही. नोंद आपल्या फळांत करा. ‘जांभूळ, मिरी, ओली माती’ एवढं लिहिलंत तर वर्षानंतरही ती चव परत जिभेवर येते.

सोबत नाशिककडची एक पांढरी आणि एक लाल वाइन शेजारी ठेवून चाखा. शेनिन ब्लां आणि शिराझ सहज मिळतात. तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. आंबटपणानं तोंडाला पाणी सुटतं. तुरटपणा हिरड्यांना आणि गालाच्या आतल्या बाजूला कळतो, तोंड कोरडं पडतं. अल्कोहोल गिळल्यावर घशात ऊब देऊन जातं. हे तीन धागे वेगळे करता आले की परदेशातल्या कुठल्याही टेबलावर बसायला तुम्ही तयार.

कॅमेऱ्याचा सराव नागपूरच्या फुटाळा तलावावर करा. संध्याकाळी पाण्यावरची चकाकी पोलरायझर फिल्टर फिरवून कमी-जास्त करून बघा, कारण हेच काम पुढे तलावाकाठच्या मळ्यात करायचं आहे. पोलरायझर पानांवरची पांढरी चमक काढतो आणि हिरवा रंग खरा दिसतो. आकाशावर त्याचा परिणाम सूर्याशी काटकोन करून उभं राहिलं की सगळ्यात जास्त मिळतो.

सामान थोडंच न्या. साधारण २४ ते ७० मिलिमीटरची एक झूम लेन्स, एक ५० मिलिमीटर एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त), पोलरायझर, दोन बॅटऱ्या, पुसायचं मऊ कापड आणि वहीच्या आकाराचे दोन पुठ्ठे, एक पांढरा आणि एक काळा. पुठ्ठ्यांचं काम पुढे सांगते. बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, चेक-इन सामानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत. कॅमेरा महागडा असेल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना तो तिकडे विकत घेतला का हा प्रश्नच उरत नाही. फोनवरच फोटो काढणार असाल तरीही हरकत नाही. लेन्स पुसा, बोट दाबून उजेड लॉक करा आणि डिजिटल झूम टाळून दोन पावलं पुढे जा.

पोचल्या पोचल्या कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेवर लावा. स्वित्झर्लंड उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, जॉर्जिया दीड तास. फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, कॅमेऱ्याचं बहुधा नाही, आणि मग दोन्हींतले फोटो एकत्र लावताना सकाळचा मळा आणि रात्रीचं जेवण एकमेकांत मिसळतात.

दिवस कसा लावायचा

पहाटे मळा, साडेदहा-अकराला चाखणं, भर दुपारी तळघर, मग विश्रांती, आणि संध्याकाळी पुन्हा मळा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात रांगा सपाट दिसतात, तेव्हा जमिनीखाली गेलेलं बरं. चाखणं जेवणाआधीच ठेवा, कारण सकाळी जीभ ताजी असते. दुपारच्या जेवणानंतर घेतलेल्या चवीवर मी विश्वास ठेवत नाही.

या दिवशी सकाळपासून पान, सुपारी, खर्रा पूर्ण बंद. तंबाखू, कात आणि चुना यांची चव तोंडातून लवकर जात नाही, आणि तुरटपणा तर मुळीच मोजता येत नाही. आपल्याकडच्या गटात हे सांगताना संकोच वाटतो, पण सांगावं. अत्तर आणि सुगंधी तेलही नको, त्यानं शेजारच्या माणसाचा पेलाही वाया जातो. दात घासल्यावर निदान तासभर जाऊ द्या.

लावो: ज्या उतारावरून आपली बस निघून जाते

स्वित्झर्लंडच्या सहलीत आपले बरेच लोक लोझानला किंवा माँत्रोला येतात आणि मधला लावोचा उतार न उतरता पार करतात. लोझानच्या पूर्वेपासून शियाँ किल्ल्यापर्यंत जिनिव्हा तलावाच्या उत्तर काठाला सुमारे ३० किलोमीटर द्राक्षांच्या पायऱ्या आहेत. त्यांची सुरुवात अकराव्या शतकात मठांतल्या साधूंनी केली असं मानतात. २००७ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिथले लोक म्हणतात की या वेलींना तीन सूर्य मिळतात: एक आकाशातला, दुसरा तलावाच्या पाण्यावरून उलटून येणारा आणि तिसरा दगडी बांधांचा, जे दिवसभर तापून रात्री ऊब सोडतात.

फोटो काढताना हे तीन सूर्य मनात ठेवले की काय टिपायचं ते कळतं. नुसता तलाव आणि डोंगर टिपला तर ते पोस्टकार्ड होतं. बांध, वेल आणि पाणी हे तिन्ही एका चौकटीत आले पाहिजेत. त्यासाठी खालून वर जाण्यापेक्षा वरच्या वाटेवरून खाली बघा. बांधाची रेघ कोपऱ्यातून आत घ्या, तलाव वरच्या तिसऱ्या भागात ठेवा, एफ ८ ते एफ ११, आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००. मग गुडघ्यावर बसून बांधाच्या दगडांचा जवळून फोटो घ्या. संध्याकाळी त्या दगडावर तळहात टेकवून बघा, म्हणजे तिसऱ्या सूर्याचा अर्थ कळेल.

लोझानहून व्हव्हेकडे जाणारी लोकल ल्यूत्री, क्यूली, एपेस, रिवाझ, सॅं-साफोरॅं अशी गावागावांत थांबते. जाताना उजव्या हाताला बसा, तलाव त्याच बाजूला आहे. सॅं-साफोरॅंला उतरून मळ्यांतल्या वाटेनं ल्यूत्रीकडे चालत या. पूर्ण अंतर सुमारे ११ किलोमीटर आहे, दमलात तर मधल्या कुठल्याही गावातून गाडी पकडता येते. रिवाझला विनोरामा नावाचं केंद्र आहे, तिथे लावोभरच्या वाइन एका छताखाली मिळतात. एकेका घरी जाण्याआधी तिथे सुरुवात करणं सोयीचं.

इथली मुख्य द्राक्षजात शास्ला, पांढऱ्या वाइनची. ती फार हळुवार आहे. वास मंद, आंबटपणा बेताचा. तिखट जेवणानंतर प्यायलात तर पाणीच वाटेल. रिकाम्या तोंडानं, थोडी थंड, साधारण १० अंशांच्या आसपास घ्या आणि दोन शेजारच्या गावांच्या दोन वाइन एकत्र मागवा. फरक थोडाच असतो, पण तो सापडला की पायाखालच्या मातीचा फरक जिभेला कळलेला असतो.

उजेडाबद्दल एक गोष्ट नागपूरकरांनी खास लक्षात ठेवायची. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि अर्ध्या तासात अंधार होतो. लोझानला त्याच दिवसांत सूर्यास्त साडेनऊच्या आसपास असतो आणि नंतरचा निळा प्रकाश बराच वेळ रेंगाळतो. म्हणजे सहलीचं सातचं जेवण आटोपूनही सगळा सोनेरी उजेड शिल्लक असतो. जेवून खोलीत जाऊन झोपू नका, पुन्हा बाहेर पडा.

डोरो: दगड फोडून लावलेली बाग

पोर्तुगालमधल्या डोरो खोऱ्याची हद्द १७५६ साली राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोम्बाल यानं आखून दिली. सरकारी आखणी झालेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या वाइन प्रदेशांत तिची गणना होते. २००१ साली हेही खोरं युनेस्कोच्या यादीत आलं. इथे माती नावालाच आहे. पत्र्यासारखे थर असलेला शिस्ट दगड फोडून पायऱ्या केलेल्या आहेत आणि वेलीची मुळं त्या थरांच्या फटींतून खोल पाण्यापर्यंत जातात. संत्र्याला बहार धरण्यासाठी आपण पाणी तोडून ताण देतो. इथे उन्हाळा स्वतःच ताण देतो, फळ लहान राहतं आणि सालीचा रंग गडद होतो. हे ज्याला माहीत आहे तो वेलीइतकाच तिच्या खालचा दगड टिपेल. फुटलेल्या शिस्टच्या कडेवर तिरकं ऊन पडलं की थर न् थर दिसतात.

पोर्टोच्या साओ बेंतो स्टेशनवरून पिन्यांवला रेल्वे जाते. जातानाही उजवी बाजू धरा, नदी तिकडेच आहे. पिन्यांव स्टेशनच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर द्राक्षकापणीची चित्रं आहेत. घाई न करता एकेक बघा. गावाच्या वर कझाल द लोइव्होशची टेकडी आहे, तिथून नदीचं वळण आणि दोन्ही काठांच्या पायऱ्या एकत्र दिसतात. पहाटे नदीवर धुकं असतं तेव्हा जा.

इथली प्रसिद्ध गोष्ट पोर्ट. द्राक्षरस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात द्राक्षाचं मद्य घालतात. त्यानं आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून पोर्टचे घोट साध्या वाइनपेक्षा निम्मे घ्या. पोर्टचे रुबी आणि टॉनी हे दोन प्रकार शेजारी मागवा. रुबी मोठ्या टाक्यांत राहते, हवा कमी लागते, रंग लाल टिकतो. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते, हवा लागून रंग तांबूस-तपकिरी होतो आणि चवीत सुकामेवा येतो. दोन पेल्यांचा एकच फोटो हा सगळा फरक दाखवतो.

बुंधा बघायला विसरू नका

कुठेही गेलात तरी मालकाची परवानगी घेऊन एका वेलीच्या बुंध्याशी बसा. जमिनीलगत एक गाठ दिसते, ते कलम. १८६० च्या दशकात फायलॉक्सेरा नावाची बारीक कीड अमेरिकेतून युरोपात पोचली आणि मुळं खाऊन तिनं देशोदेशीच्या बागा वाळवल्या. उपाय सापडला तो कलमाचा: कीड सहन करणारा अमेरिकन खुंट आणि त्यावर युरोपातली जात. आपण जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो, तीच विद्या. मी हे सांगितलं की परदेशातले बागवान एकदम मोकळे होतात, आणि त्यानंतर काढलेले त्यांचे फोटो वेगळेच येतात, कारण माणूस कॅमेऱ्याकडे न बघता झाडाकडे बघून बोलत असतो.

हीच कीड आजही बुटाच्या मातीतून पसरते. ऑस्ट्रेलियात यारा व्हॅलीसारख्या भागात पाहुण्यांनी रांगांत शिरू नये असा आग्रह असतो. फोटोसाठी तो मोडू नका. कडेला उभं राहूनही उत्तम फोटो मिळतो. घड तोडून हातात धरून फोटो काढणं तर कुठेच नको.

तळघरात

लग्नाच्या मांडवात फ्लॅश न मारता काम करायची सवय असेल तर तळघर सोपं जातं. एफ १.८ किंवा २.८, आयएसओ १६०० ते ३२००, शटरचा वेग १/६० सेकंद आणि कोपर पिंपाला नाही तर भिंतीला टेकलेलं. फ्लॅशनं ओल्या भिंतींचा रंग मरतो. पिवळे दिवे असतील तर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) ३२०० केल्व्हिनच्या आसपास लावा, पण सगळी ऊब काढून टाकू नका. एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. थंड तळघरातून उन्हात आलात की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून बाहेर या आणि वीस-पंचवीस मिनिटांनी काढा.

तळघरांतलं माझं सगळ्यात आवडतं जग जॉर्जियातलं, काखेती प्रांतातलं. तिथे वाइन जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणांत होते. त्यांना क्वेव्री म्हणतात. आतून मेणाचा हात दिलेला असतो. रसासोबत साल, बिया, कधी देठही आत जातात, आंबताना दिवसातून अनेकदा ढवळतात, मग तोंड बंद करून महिनोन्‌महिने मुरू देतात. हिरव्या द्राक्षांचीही वाइन अशी केली की सालीमुळे मधाच्या रंगाची होते. या पद्धतीला २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली, आणि जॉर्जियात सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून तिथे सुमारे ८,००० वर्षांपूर्वी वाइन होत होती असं संशोधकांनी दाखवलं आहे.

या खोलीला मारानी म्हणतात. फरशीत नुसती गोल तोंडं दिसतात, त्यामुळे उभं राहून समोरून काढलेला फोटो रिकामा वाटतो. स्टुलावर चढून वरून खाली बघा, तोंडांची रांग आणि ढवळणाऱ्याचे हात एवढंच घ्या. एक सूचना जिवाची आहे. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असल्यानं खालीच साचतो. आंबणाऱ्या क्वेव्रीच्या तोंडात वाकून डोकं घालू नका, मालकाला विचारल्याशिवाय तिच्याजवळ बसूही नका. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला असू द्या.

काखेतीत राहायला सिघनाघी गाव चांगलं. तटबंदीवरून आलाझानी खोरं आणि मागे कॉकेशसची बर्फाची रांग दिसते. पहाटे हवा स्वच्छ असते तेव्हाच ती नीट दिसते, म्हणून अंथरूण लवकर सोडा. गावात दोऱ्यांना ओवलेले चुर्चखेला लटकत असतात, अक्रोडाची माळ आटवलेल्या द्राक्षरसात बुडवून केलेली. त्यामागून ऊन येत असेल तेव्हा टिपा. चाखायला लाल द्राक्षाची सापेरावी आणि हिरव्या द्राक्षाची क्वेव्रीतली र्कात्सितेली मागा. सापेरावीचा गरसुद्धा लाल असतो, तोंडात जांभळाची आठवण देते. क्वेव्रीतली र्कात्सितेली दिसते पांढऱ्या वाइनच्या घराण्यातली, पण हिरड्या आवळते. आपल्या जेवणासोबत तिच्याइतकी जुळणारी वाइन मला दुसरी माहीत नाही. जेवणात यजमान उभा राहून पेला उंचावतो आणि बोलू लागतो तेव्हा कॅमेरा खाली ठेवा. तो पूर्वजांबद्दल, पाहुण्यांबद्दल मनापासून बोलत असतो. ऐकायचं, ‘गौमार्जोस’ म्हणायचं, मग हवं तर विचारून एक फोटो घ्यायचा.

पेला समोर आल्यावर

पहिल्या पेल्याचे फोटो आधी उरका, मग कॅमेरा मिटवून ठेवा. दोन्ही कामं एकदम केली की दोन्ही अर्धवट होतात.

पेला खिडकीजवळ न्या आणि वरचे दिवे विचारून बंद करून घ्या. काच आधी कापडानं पुसा, बोटांचे ठसे डोळ्यांना दिसत नाहीत पण फोटोत दिसतात. मागे पांढरा पुठ्ठा उभा करा, उजेड मागून किंवा कडेनं येऊ द्या. काचेची कड हरवत असेल तर चौकटीच्या जरा बाहेर काळा पुठ्ठा धरा, काचेला बारीक काळी रेघ मिळते. पांढऱ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा फोटो काळपट करतो, म्हणून उजेड अर्ध्या ते एक स्टॉपनं वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). लाल वाइन फोटोत काळी येते ही सगळ्यांची तक्रार असते. कमी वाइन ओतायला सांगा आणि पेला तिरका करा, कडेच्या पातळ थरातून उजेड आरपार जातो आणि खरा रंग तिथे दिसतो. फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये काचेच्या कडा तुटतात, तो बंद ठेवा.

चाखतानाही तोच तिरका पेला आणि तोच पांढरा पुठ्ठा कामाला येतो. तरुण लाल वाइनची कड जांभळट असते, वय वाढलं की विटकरी होते. पांढरी उलट गडद होत जाते. पेला दांडीनं धरा. न हलवता एकदा हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा. काचेवरून ओघळणाऱ्या धारा वाइन चांगली असल्याची खूण समजतात, तसं नाही. त्यांवरून अल्कोहोल आणि साखरेचा अंदाज येतो, एवढंच. छोटा घोट तोंडभर फिरवा, थोडी हवा आत ओढा. आंबटपणा, तुरटपणा, ऊब, या क्रमानं तपासा. मग थुंका आणि चव किती वेळ राहते ते बघा.

थुंकण्याचा संकोच नको. टेबलावर त्यासाठी भांडं असतं, नसेल तर मागा. फ्रेंच भाषिक भागात ‘क्राश्वार’ म्हटलं की आणून देतात. एकेका पेल्यात ३० ते ५० मिलिलिटर वाइन असते, पाच-सहा पेले गिळले तर तिसऱ्यानंतर जीभ काही सांगत नाही. उरलेली त्याच भांड्यात ओतून देण्यात यजमानाचा अपमान नसतो. गाडी चालवणाऱ्यानं तर एकही घोट गिळू नये. मी रेल्वेनंच फिरते.

क्रम साधारण असा: फसफसणारी, पांढरी, लाल, शेवटी गोड. मधे पाणी आणि साधा पाव. प्रत्येक वाइनचा पहिला फोटो बाटलीच्या लेबलचा, समोरून सरळ. मग पेला, मग वहीतली ओळ, तिचाही फोटो. घरी आल्यावर लेबलपासून लेबलपर्यंत एक गट आपोआप तयार होतो.

आपल्याकडे विचारला जाणारा रास्त प्रश्न: वाइन शाकाहारी असते का? नेहमी नाही. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन, दुधातलं केसीन किंवा माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. बाटलीवर वीगन लिहिलं आहे का बघा आणि लहान बागवानाला सरळ विचारा, तो खरं सांगतो. सोबतचं कुणी पीत नसेल तर त्यांच्यासाठी द्राक्षरस मागा आणि चाखण्याच्या वेळी कॅमेरा त्यांच्याच हातात द्या. औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं.

बाटल्या घरी आणताना

भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेत मधोमध, टॉवेलात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. मुंबईला उतरून समृद्धी महामार्गानं गाडीनं येणार असाल तर लक्षात ठेवा, रस्ता वर्धा जिल्ह्यातून येतो आणि तिथे दारूबंदी आहे. बाटल्या असतील तर नागपूरपर्यंत विमानानंच या. महाराष्ट्रात घरी ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो, तोही काढून ठेवा.

नागपूरच्या उन्हाळ्यात बाटली कपाटात ठेवणं म्हणजे ती शिजवणं. पारा ४५ पर्यंत जातो, कूलरच्या खोलीतही वाइनला हवा तेवढा थंडावा मिळत नाही. फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि होळीच्या आत उघडा. सावजी रश्शासोबत लाल वाइन घेऊ नका, तिखटानं तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त टोचतात. शास्ला गोळाभातासोबत चांगली लागते, क्वेव्रीतली र्कात्सितेली वांग्याच्या भाजीसोबत. आणि ज्या बागवानाचे फोटो काढलेत त्याला बाटली उघडाल त्या आठवड्यात चार चांगले फोटो पाठवा. बुंध्याशी बसून काढलेला त्यात नक्की असू द्या.